महाशीर आणि मरळ

(नभोवाणीवरील भाषण)



आमच्या शेजारी राहणारा एक कॉलेजातला मुलगा गेल्या उन्हाळ्यात एके संध्याकाळी माझ्याकडे आला. हातात नवी कोरी काठी, तिला चकचकीत चाक, आणि बगलेत रंगीबेरंगी आमिषांची पेटी. माझ्या ओट्यावर हा सगळा संभार मांडून तो म्हणाला, "गुरुजी, लोक सांगतात की तुम्ही तरुणपणी गळ टाकीत होता. तर मला एवढे सांगा, महाशीर श्रेष्ठ की मरळ? मी कोणत्या माशाच्या मागे लागू?"

३६ वर्षे मी पोरांना गणित आणि भूगोल शिकविला. प्रश्न जितका आखूड तितके उत्तर लांब, हा माझा अनुभव आहे. मी त्यास म्हटले, "अरे, आधी पाणी कोणते ते सांग, मग मासा सांगतो." त्याचे समाधान झाले नाही. त्याच उत्तराचा विस्तार आज आपणांपुढे करावयाचा आहे. ज्या घरांत मासे शिजत नाहीत, त्या घरांतील मंडळींनीही कान बंद करू नयेत. कारण हे भाषण जितके माशांविषयी आहे, तितकेच ते आपल्या तापी, गिरणा आणि पांझरा ह्या नद्यांविषयी आहे.

गळ टाकून बसणे हा साहेब लोकांनी आणलेला शौक आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा जो संस्कृत ग्रंथ रचला, त्यात राजांच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' नावाचे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. काठी कशी असावी, दोरी कशी असावी, कोणत्या माशास कोणते आमिष रुचते, ह्या सर्वांचा विचार त्या राजाने केलेला आहे. साहेबांनी त्यात भर घातली ती चाकाची आणि पुस्तकांची. मद्रास इलाख्यातील एच. एस. टॉमस नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने १८७३ साली 'दि रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिले. त्यात त्याने महाशीर हा विलायतेतील सामन माशापेक्षाही गळाला अधिक झुंज देणारा आहे, असे ठासून सांगितले. तेव्हापासून ह्या माशाची कीर्ती जी पसरली ती आजतागायत कमी झालेली नाही.

आता आधी ह्या महाशीराची ओळख करून घेऊ. नावाविषयी दोन मते आहेत. 'महा-शिर' म्हणजे मोठ्या डोक्याचा, असे एक; आणि फारसी 'माही' म्हणजे मासा व 'शेर' म्हणजे सिंह, म्हणून माशांतला सिंह, असे दुसरे. दोन्ही अर्थ त्याला शोभतात. रोहू आणि कटला ह्यांच्याच कुळातला हा मासा. परंतु अंग त्यांच्यापेक्षा लांबट आणि बांधेसूद, पाठ गडद, कुशी सोनेरी, ओठ जाड, तोंडाशी चार मिशा, आणि खवले इतके मोठे की मोठ्या माशाचा एकेक खवला तळहाताएवढा भरतो. आपल्या देशात महाशीराच्या अनेक जाती आहेत. त्यांपैकी एकीचे शास्त्रीय नाव 'टोर खुद्री'. कर्नल साइक्स याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या पाण्यातील मासे अभ्यासून १८३९ साली तिचे वर्णन छापले, आणि नाव देताना नदीकाठच्या लोकांच्या तोंडचाच शब्द उचलला. तापी आणि नर्मदा ह्या खोऱ्यांत ज्या जातीचे नाव मुख्यत्वे घेतले जाते ती 'टोर टोर'. तापी ज्या मध्य प्रदेशात मुलताईपाशी उगम पावते, त्या राज्याने २०११ साली महाशीरास राज्यमासा म्हणून मान दिला. आपल्या महाराष्ट्राने २०२३ साली तो मान समुद्रातील पापलेटास दिला. त्याविषयी माझी तक्रार नाही, पण खानदेशच्या माणसाला पापलेट हा बर्फाच्या पेटीतच भेटतो, एवढे म्हणून ठेवतो.

महाशीराचे सारे जीवन वाहत्या पाण्याशी बांधलेले आहे. त्याचे कारण साध्या विज्ञानाचे आहे. पाणी जितके थंड आणि जितके खळाळते, तितका त्यात प्राणवायू अधिक विरघळतो. २० अंश सेल्सिअस उष्णतेच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तेच पाणी ३० अंशांवर गेले की साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. त्यात पाने, शेण, सांडपाणी कुजू लागले की हा साठाही संपत जातो. महाशीरास श्वासासाठी केवळ कल्ल्यांचा आधार असल्यामुळे असे पाणी त्यास सोसत नाही. म्हणून तो खडकाळ तळ, गोटे, खळाळ आणि त्याखालचा खोल डोह अशी जागा धरून राहतो. खाण्याच्या बाबतीत मात्र तो मुळीच सोवळा नाही. खेकडे, गोगलगाई, लहान मासे, शेवाळ, आणि काठच्या उंबराची पाण्यात पडलेली फळे, सर्व त्यास चालते. म्हणूनच त्याच्यासाठी कोणी कणकेचा घट्ट गोळा लावतात, तर कोणी धातूचा लहानसा चमचा पाण्यात फिरवितात. तो लुकलुकताना पळणाऱ्या माशासारखा दिसतो.

त्याच्या जबड्यात एकही दात नाही, आणि तरीही त्याच्या तोंडी लोखंड टिकत नाही. हे कोडे मला पंधराव्या वर्षी पडले. माझे एक मामा भुसावळास रेल्वेत होते. १९७४ च्या हिवाळ्यात ते मला चांगदेवास घेऊन गेले. तेथे पूर्णा आणि तापी ह्यांचा संगम आहे. त्या वेळी हतनूरचे धरण पुरे झालेले नव्हते. संगमाखाली पाणी खडकांतून आवाज करीत वाहत असे. दुपार कलल्यावर मामांच्या काठीचे टोक एकदम पाण्यास टेकले आणि चाक ओरडू लागले. शंभर-सव्वाशे हात दोरी डोळ्यांदेखत निघून गेली. मामा काठावरून धावत होते, मी त्यांच्यामागे त्यांच्या चपला घेऊन धावत होतो. मासा एकदाच पाण्याबाहेर दिसला. उन्हात पितळेच्या परातीसारखा चमकला. मग दोरी सैल पडली. मामांनी ती गुंडाळून घेतली तेव्हा गळ शाबूत होता, पण त्याचा वाक दाबून चपटा झालेला होता, जणू कोणी ऐरणीवर ठेवून ठोकला असावा. मामा म्हणाले, "घशात दात असतात त्याच्या." ते खरे आहे. ह्या कुळातील माशांचे दात जबड्यात नसून घशात असतात, आणि महाशीराच्या घशात त्यांच्या तीन ओळी असतात. त्यांनी तो गोगलगाईचे कवच फोडतो. तो गळ मामांनी पुष्कळ वर्षे देव्हाऱ्याजवळच्या कोनाड्यात ठेवला होता.

मरळीची गोष्ट ह्याच्या सर्वस्वी उलट आहे. लांबट, गोल अंग, चपटे डोके, आणि डोक्यावर सापाच्या डोक्यासारखे मोठे खवले. म्हणून इंग्रज लोक ह्या कुळास सर्पमुखी म्हणतात. हिच्याही निरनिराळ्या जाती आहेत. एक जात हातभर वाढणारी, तर दुसरी चार फुटांपर्यंत जाणारी. तोंड मोठे आणि जबड्यात तीक्ष्ण दात. पण हिचे खरे वैशिष्ट्य डोक्याच्या आत आहे. कल्ल्यांच्या वर तिला हवेची एक कुपी असते. मरळ थोड्या थोड्या वेळाने पाण्याच्या पृष्ठावर येते, तोंड उघडून हवेचा घोट घेते आणि पुन्हा खाली जाते. कल्ले आहेतच, पण त्यांच्यावर तिचे भागत नाही. तिला जाळ्यात अडकवून पृष्ठावर येऊ दिले नाही, तर मासा असूनही ती पाण्यात गुदमरून मरते.

ह्या एका सोयीमुळे मरळीचे सारे जगच बदलले आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तळी आटतात, ओढ्यांत कोठे कोठे डबके उरते आणि त्यातील पाणी गरम, गढूळ, प्राणवायूवाचून मेलेले असते. तेथे महाशीर एक दिवस टिकणार नाही. मरळ मात्र चिखलात अंग पुरून पहिल्या पावसाची वाट पाहते. बाजारात ती ओल्या पोत्याखाली तासन्‌तास जिवंत राहते, म्हणून जिवंतच विकली जाते. काटे थोडे आणि मांस घट्ट असल्यामुळे आजारातून उठलेल्या माणसास तिचा रस्सा देण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. तेलंगणाने तर २०१६ साली तिलाच आपला राज्यमासा ठरविले. महाशीर चवीस वाईट नाही. परंतु त्याच्या मांसात बारीक काटे इतके की जेवताना बोलण्याची सोय राहत नाही.

मरळीस गळ टाकणारा माणूस महाशीराच्या शिकाऱ्याहून निराळ्या स्वभावाचा असावा लागतो. महाशीरासाठी खडकांवरून कोसभर चालावे लागते. मरळीसाठी एका जागी पुतळ्यासारखे उभे राहावे लागते. सकाळी किंवा उतरत्या उन्हात तळ्याच्या कडेला, कमळाची पाने आणि शेवाळ यांच्या मधल्या मोकळ्या पाण्यावर नजर ठेवावयाची. कोठे तरी 'गुबक' असा आवाज होतो आणि एक बुडबुडा फुटतो. मरळ हवा घेऊन गेली. तिच्या वाटेच्या थोडे पुढे आमिष पडले पाहिजे. बेडूक हे तिचे आवडते खाद्य, म्हणून पूर्वी जिवंत बेडूक गळाला लावीत. मीही लावलेले आहेत, आणि आता त्याची लाज वाटते. बेडूक शेतातील किडींचा शत्रू आहे, हे ओळखून सरकारने १९८७ साली बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. आता रबराचा बेडूक मिळतो. तो शेवाळावरून सरकविला की मरळीस पुरेसा खरा वाटतो.

झुंजीविषयी गळवाल्यांत नेहमी वाद चालतात. माझे मत असे की महाशीर दोरीशी झुंजतो आणि मरळ काठीशी. महाशीर लागला की पहिली धाव प्रवाहात, लांब, न थांबणारी. तेव्हा लांब दोरी, गुळगुळीत फिरणारे चाक आणि माणसाचा संयम ह्यांची परीक्षा होते. मरळ धावत नाही. ती झडप घालते, पाणी उसळते, आणि दुसऱ्याच क्षणी ती बुंध्यात, मुळांत, शेवाळात शिरण्याचा प्रयत्न करते. तेथे दोरी सैल सोडण्याची चैन चालत नाही. जाड दोरी आणि मजबूत काठी घेऊन पहिल्या दोन हातांतच तिला मोकळ्यावर ओढावे लागते. म्हणजे महाशीराची काठी मरळीस निरुपयोगी आणि मरळीची महाशीरास. त्या मुलाच्या पेटीत दोन्हींची खिचडी होती. दुकानदार शहाणा असावा.

येथपर्यंत जे सांगितले ते कोणत्याही चांगल्या पुस्तकात मिळेल. आता जे सांगावयाचे ते माझ्या स्वतःच्या चुकीचे आहे.

१९८१ साली माझी पहिली नेमणूक बोरी नदीच्या काठच्या एका खेड्यात झाली. गावाबाहेर एक तळे होते. श्रावणातल्या एका रविवारी मी तेथे गेलो, तेव्हा काठाजवळ परातीएवढ्या जागेत पाणी उकळल्यासारखे हलत होते आणि तेथे तांबूस रंग दिसत होता. जवळ जाऊन पाहतो तो बोटाच्या पेराहून लहान अशी शेकडो तांबडी पिले एका गोळ्यात फिरत होती. मध्येच सगळी मिळून वर येत, हवा घेत आणि खाली जात. मला कोणी तरी सांगितले होते की असा गोळा दिसला तर त्याच्या मधोमध गळ टाकावा, मासा हटकून लागतो. मी टाकला. पाणी फुटले आणि हातभर लांबीची मरळ दोन मिनिटांत काठावर आली. मला वाटले, केवढे हे कौशल्य!

पलीकडे जाळे धूत बसलेला एक म्हातारा भोई उठून आला. त्याने माशाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "गुरुजी, हाई मासा नही, माय शे." मला त्याचा अर्थ लगेच कळला नाही. तो पुढे काही बोलला नाही. नुसते पाण्याकडे बोट दाखविले. तो तांबडा गोळा विसकटू लागला होता. पिले काठाने सैरावैरा झाली, आणि थोड्याच वेळात लहान-मोठे मासे, एक पाणकावळा आणि एक खंड्या ह्यांनी तेथे पंगत मांडली. तासाभराने मी पुन्हा पाहिले तेव्हा पाणी स्वच्छ होते. त्यात तांबडे काही उरले नव्हते.

ती आई होती की बाप, हे म्हाताऱ्यासही सांगता आले नसते. कारण मरळीत नर आणि मादी दोघेही राखण करतात. शेवाळ बाजूला सारून ती दोघे एक गोल मोकळी जागा करतात. अंडी तेलकट असल्यामुळे तरंगतात. दीड दिवसाच्या आतच फुटतात. नंतर कित्येक आठवडे आईबाप पिलांच्या खाली पहारा देत फिरतात, आणि बेडूक, साप, दुसरा मासा, जो जवळ येईल त्याच्यावर तुटून पडतात. म्हणजे त्या दिवशी माझ्या गळावर तुटून पडलेली मरळ भुकेली नव्हती. ती मला हाकलीत होती. अशा वेळी मरळ धरण्यास कसब लागत नाही; ते घराच्या दारात उभ्या असलेल्या माणसास पकडण्यासारखे आहे. आणि एक मासा धरला असे आपण समजतो, तेव्हा वास्तविक आपण सबंध एक पिढी मारलेली असते.

महाशीर ह्या बाबतीतही उलट. त्याला संसार करावयाचा नाही. पावसाळ्यात पूर आला की तो प्रवाहाच्या उलट चढत वरच्या स्वच्छ ओढ्यांत जातो, गोट्यांच्या व वाळूच्या तळावर पिवळसर अंडी टाकतो आणि मागे न पाहता परततो. तो सर्व अंडी एकदम टाकीत नाही, हप्त्याहप्त्याने टाकतो. एक पूर फुकट गेला तर दुसरा उपयोगी पडावा, अशी निसर्गाची ही योजना. अंडी जड असल्याने गोट्यांच्या फटीत बसतात, फुटण्यास दोन-तीन दिवस लागतात, आणि तेवढा वेळ त्यांच्यावरून ताजे पाणी वाहत राहिले पाहिजे. त्यांचा बाप म्हणा, दाई म्हणा, ते वाहते पाणीच.

आणि इथेच आपल्या खानदेशची गोष्ट सुरू होते. सातपुड्यातून सुकी, मोर, अनेर, अरुणावती, गोमाई. दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई. ह्या सर्वांचे पाणी घेऊन तापी पश्चिमेस जाते. उगमापासून समुद्रापर्यंत तिची लांबी ७२४ किलोमीटर. ह्या नद्यांवर बंधारे नवे नाहीत. धुळ्याकडे पांझरेवर फड पद्धतीचे दगडी बंधारे तीन-चारशे वर्षांपासून आहेत, आणि गावाने एकत्र येऊन पाणी वाटून घेण्याची ती पद्धत कोणत्याही देशास अभिमान वाटावा अशी आहे. पण तो बंधारा ठेंगणा. पूर आला की त्याच्या माथ्यावरून पाणी जाई. धरणाची भिंत तशी नव्हे. १९६९ साली गिरणेवर, १९७२ साली खाली गुजरातेत उकाईस तापीवर, १९८२ साली हतनूरला, आणि पुढे प्रकाशे, सारंगखेडे व सुलवाडे येथे बॅरेज, अशी ही नदी पायऱ्यापायऱ्यांच्या तळ्यांत वाटली गेली. फ्रान्सिस डे ह्या मत्स्यशास्त्रज्ञाने नदीवरच्या बांधांमुळे चढणारा मासा अडतो, हे १८७३ च्या आपल्या अहवालात सरकारच्या कानी घातले होते. त्या काळचे बांध आजच्या मानाने लहानच होते.

माझे म्हणणे धरणे नकोत असे नाही. केळीच्या बागा आणि भुसावळचे नळ कशावर चालतात हे मला ठाऊक आहे. मीही तेच पाणी पितो. परंतु त्याची किंमत कोणी दिली हेही ठाऊक असावे. साठलेल्या खोल पाण्यात महाशीर जगू शकतो, लोणावळ्याच्या तलावांत तो जगतोच. अडते ते अंडी घालण्यापाशी. वर चढण्यास ओढा मोकळा नसेल, ओढ्यात गोटे-वाळू उरली नसेल, तर तो म्हातारा होतो, पण वाढत नाही. ज्या खळाळावर मामांच्या दोरीने शिट्टी घातली, तेथे आज हतनूरचा फुगवटा आहे, संथ आणि रुंद. हिवाळ्यात बदके येतात; देखावा सुंदर असतो.

मग मरळीचे दिवस आले म्हणावे काय? पाणी तर संथ झाले. पण तसेही झाले नाही. १९५२ साली भारतात आणलेला टिलापिया तळ्यातळ्यांत पसरला आहे; परदेशी मांगूर पाळण्यास सन २००० मध्ये बंदी होऊनही तो अधूनमधून सापडतोच. शिवाय मरळीस काठचे उथळ, शेवाळलेले पाणी लागते, आणि तलाव 'सुशोभित' करावयाचा म्हणजे प्रथम त्याचा तोच काठ दगडांनी बांधून काढावयाचा, अशी अलीकडे रीत पडली आहे.

काही उत्साही गृहस्थ सुचवितात की हॅचरीतून महाशीराचे बीज आणून धरणांत सोडावे. लोणावळ्यास टाटा कंपनीच्या तलावांवर १९७० नंतर महाशीराचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले, आणि ते मोठेच काम होते. पण त्याला एक दुसरी बाजू आहे. तेथील निळ्या परांच्या महाशीराचे बीज दक्षिणेत कावेरीत सोडले गेले. ते तेथे इतके फोफावले की कावेरीचा स्वतःचा वशिंडाचा महाशीर मागे पडत गेला. १९४६ साली काबिनी नदीत १२० पौंडांचा विक्रमी मासा गळाला लागला, तो ह्याच जातीचा. २०१८ साली ती जात नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांच्या यादीत गेली. तेव्हा कोणताही महाशीर कोणत्याही नदीत सोडणे म्हणजे पुण्य नव्हे. तापीचा मासा तापीतच वाढावयास हवा, आणि त्यासाठी सातपुड्यातील एखाद-दुसरा ओढा वाळूउपशापासून आणि विषारी पावडरीपासून वाचविणे हे बीज सोडण्यापेक्षा कठीण, पण अधिक उपयोगाचे काम आहे.

ज्यांना महाशीर डोळ्यांनी पाहावयाचा आहे त्यांनी रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंडास जावे. काळ नदीच्या त्या डोहात देवीचे म्हणून मासे राखलेले आहेत. कोणी गळ टाकीत नाही, आणि लोक खाऊ घालतात तेव्हा मासे वर येतात. वाडे तालुक्यात वैतरणेवर तिळसे येथेही असेच आहे. शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी गावकऱ्यांनी केलेली ही व्यवस्था. मुंबईच्या पवई तलावावर गळवाल्यांची जुनी संस्था आहे, तिकडे धरलेला मासा परत सोडण्याची चाल आता रुजते आहे. महाशीर सोडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: तो लढून दमलेला असतो, त्याच्या रक्तातील प्राणवायू संपलेला असतो. त्याला पाण्याबाहेर धरून छायाचित्रे काढीत बसणे आणि मग पाण्यात फेकणे, म्हणजे मारून सोडणे होय. पाण्यातच दोन्ही हातांनी आधार द्यावा, तोंड प्रवाहाकडे करावे, आणि तो आपण होऊन शेपूट मारून जाईपर्यंत थांबावे. मरळीस एवढे लाड लागत नाहीत. तिला फक्त आषाढ ते भाद्रपद एवढे महिने घरी राहू द्यावे. तांबडा गोळा दिसला तर काठी खाली ठेवून पाहत बसावे. त्यात गळाला मासा लागण्याहून कमी मौज नाही, हे मी आज सांगू शकतो.

हे सर्व मी त्या मुलास सांगितले. तो चहा पिईपर्यंत ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे गुरुजी, महाशीर इथे जवळपास धरावयास नाही, आणि मरळ पावसाळ्यात धरावयाची नाही. मग मी करू काय?" मी म्हटले, "दिवाळीनंतर पहाटे तळ्यावर जा. मोठी मरळ सोड, एखादी मध्यम घरी आण. आणि अनेरकडे गेलास तर नुसता डोळे घेऊन जा. धरणाच्या परिसरात १९८६ पासून अभयारण्य आहे, तेथे गळ न्यावयाचा नाही." त्याने पेटी उघडली. तिहेरी गळ काढून एकेरी लावले, आणि मासा सोडताना तोंड फाटू नये म्हणून गळाच्या टोकाचा उलटा काटा दाबून सपाट करण्यासाठी माझी पक्कड मागून नेली. ती पक्कड अद्याप परत आलेली नाही.